उपास हे मांजराचे पथ्य नव्हे

अंगाने भरलेल्या प्राण्याकडे पाहून आपल्याकडे कोणाला चिंता वाटत नाही. गोठ्यातल्या गाईची हाडे दिसू लागली तर धनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत ओशाळतो, दारच्या कुत्र्याच्या बरगड्या मोजता आल्या तर त्या घरच्या अन्नाविषयी लोक कुजबुजतात. आणि याच न्यायाने घरातले मांजर गुबगुबीत असले, चालताना त्याचे पोट डावीउजवीकडे हेलकावत असले, तर त्यात त्या घराची सुबत्ता आणि माणसांची माया पाहण्याचा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. ज्या भूमीने दुष्काळामागून दुष्काळ सोसले तेथे पुष्ट शरीर हाच आरोग्याचा दाखला मानला जावा, हे स्वाभाविक आहे. परंतु मांजराच्या बाबतीत हा दाखला खोटा ठरतो, आणि तो खोटा आहे असे ध्यानात आल्यावर घाईघाईने केलेला इलाज मूळ दुखण्यापेक्षा घातक होऊ शकतो, असा अनुभव आमच्या घराला आला. जे आमच्या दौलतवर ओढवले ते दुसऱ्या कोणाच्या मांजरावर ओढवू नये, एवढ्याच हेतूने तो सविस्तर लिहीत आहे.

दौलत आमच्या दादरच्या बिऱ्हाडात आला तो एका पावसाळ्यात, जिन्याखाली भिजून कुडकुडत बसलेले, केशरी अंगाचे, ओंजळीत मावेल एवढे पिल्लू म्हणून. घरातल्या लहानथोरांनी त्याला वाढवले, वेळच्या वेळी लसी टोचून घेतल्या, आणि वयात येण्याच्या सुमारास त्याचे निर्बीजीकरणही करून घेतले. या शस्त्रक्रियेविषयी प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. कारण ‘ऑपरेशन केले म्हणून बोका सुटला’ असे म्हणून तिच्यावर ठपका ठेवणारे लोक पुष्कळ भेटतात. निर्बीजीकरणानंतर मांजराची भूक वाढते आणि त्याच्या शरीराची अन्नाची गरज मात्र पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने उतरते, हे खरे. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो एवढाच की, त्या दिवसापासून वाडग्यातले माप कमी केले पाहिजे. रस्त्यावर जन्मून गाडीखाली सापडणारी किंवा अन्नावाचून मरणारी पिल्ले ज्याने डोळ्यांनी पाहिली आहेत, तो मनुष्य लठ्ठपणाच्या भयाने निर्बीजीकरण टाळण्याचा सल्ला कोणाला देणार नाही.

माप कमी करण्याचे हे काम आमच्या घरी कोणाकडेच सोपवलेले नव्हते. मातोश्री पहाटे दूध तापवीत तेव्हा सायीचा एक चमचा दौलतच्या वाटणीचा असे. दारावर येणारी कोळीण टोपली उतरवताच ‘ही त्याची’ म्हणून एखादी मांदेली त्याच्यापुढे टाकी. पत्नी बांगड्याचे डोके उकडून ठेवी. सूनबाई कचेरीत जाण्यापूर्वी कोरड्या दाण्यांचा वाडगा दिवसभर पुरावा म्हणून काठोकाठ भरून जाई. आणि शाळेतून आलेला नातू स्वतःच्या चीजचा तुकडा त्याच्याबरोबर वाटून खाई. यांतल्या प्रत्येकाने दिले ते थोडेच दिले, आणि प्रेमाने दिले. पण शरीर हिशेब करते तो बेरजेचा. घरात राहणाऱ्या, फारशी धावपळ नसलेल्या पाच किलोच्या मांजराला दिवसाकाठी सुमारे २०० ते २५० उष्मांक पुरतात. कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅमांतच ३५० ते ४०० उष्मांक असतात. म्हशीच्या दुधाच्या अर्ध्या वाटीत ७५-८० आणि चीजच्या एका चौकोनी वडीतही जवळजवळ तेवढेच. माझी सारी नोकरी सरकारी कोषागारात जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली, म्हणून ही बेरीज प्रथम कागदावर मांडली तेव्हा तिचा अर्थ मला तत्काळ कळला: जमा रोज दुप्पट होत होती, आणि खर्च म्हणजे खिडकीपासून पलंगापर्यंतची चाल.

ती बेरीज मांडण्याची वेळ आली वार्षिक लसीच्या निमित्ताने. डॉक्टरीणबाईंनी दौलतला काट्यावर ठेवले तेव्हा काटा ७.२ किलोंवर स्थिरावला. ‘याचे हाडच मोठे आहे’ असे पत्नी म्हणाली, आणि हे वाक्य त्या बाईंनी बहुधा रोज ऐकलेले असावे, कारण उत्तर न देता त्यांनी तिचा हात धरून दौलतच्या बरगड्यांवर फिरवला. निरोगी मांजराच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलक्या हाताने चाचपल्या असता, मुठीशिवाय सरळ ठेवलेल्या तळहाताच्या मागच्या बाजूची हाडे लागतात तशा त्या बोटांना लागाव्यात. वरून पाहिले तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. बाजूने पाहिले तर पोटाची रेषा मागे वर चढलेली असावी. दौलतच्या अंगावर यांतली एकही खूण उरली नव्हती. पशुवैद्यकात देहाच्या स्थितीची १ ते ९ अशी श्रेणी लावतात. ५ ही उत्तम, आणि तिच्या वरच्या प्रत्येक पायरीला आदर्श वजनापेक्षा दहा ते पंधरा टक्के अधिक भार समजतात. दौलत ९ वर होता. त्याच्या बांध्याला योग्य वजन ५ किलोंच्या आसपास, असे त्यांनी ठरवून दिले. येथे एक बारीक भेद वाचकांनी लक्षात ठेवावा: मागल्या पायांपुढे पोटाखाली लोंबणारी कातडीची सैल घडी सडपातळ मांजरालाही निसर्गतःच असते, ती चिमटीत धरून पातळ लागली तर चिंतेचे कारण नाही, भरीव लागली तर तो मेद होय.

या मेदाने काय होते, ते घरोघर ठाऊक असण्याची गरज आहे. लठ्ठ मांजराला मधुमेह जडण्याचा संभव प्रमाणशीर मांजरापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. सांध्यांवर भार पडून ते दुखू लागतात, आणि मांजर वेदना बोलून दाखवत नसल्यामुळे, उंच फळीवर उडी मारणे त्याने सोडले म्हणजे ‘आता शहाणा झाला’ असा आपण त्याचा अर्थ लावतो. लघवीची दुखणी वाढतात. भूल देऊन करावयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत जोखीम वाढते. आणि ज्या प्राण्याचा दिवसाचा मोठा भाग अंग चाटून स्वच्छ ठेवण्यात जातो, त्याचे तोंड स्वतःच्या पाठीच्या मागील भागापर्यंत पोहोचेनासे होते. दौलतच्या शेपटीपाशी केसांचे जट झालेले पुंजके आणि कोंडा दिसत असे, त्याचे कारण त्या दिवशी आम्हाला समजले. मला या साऱ्या यादीत हीच बाब सर्वांत दुःखद वाटते. कारण स्वच्छता हा मांजराचा स्वाभिमान आहे, आणि तो आपल्या लाडाने हिरावून घेतला जातो.

डॉक्टरीणबाईंनी खाद्य बदलण्यास सांगितले आणि ते हळूहळू बदला असेही बजावले. तथापि त्याच आठवड्यात आमच्या परिचयाचे एक सद्‌गृहस्थ घरी आले, ज्यांनी आयुष्यभर कुत्री पाळली होती आणि ज्यांच्या हेतूविषयी आजही माझ्या मनात किंतु नाही. त्यांनी सांगितले, जुने सारे एकदम बंद करा, वजन उतरवण्याचे नवे दाणे वाडग्यात ठेवा, आणि दुर्लक्ष करा. पोटात आग पडली की मुकाट्याने खाईल. कुत्र्याच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे ठरते. शिवाय आमचे घर एकादशी-चतुर्थी पाळणारे; लंघन हे परम औषध होय, या वचनावर वाढलेले. उपासाने देह हलका होतो आणि मन शुद्ध होते, असे ज्या घरात मानतात तेथे मांजराच्या उपासात कोणाला धोका दिसावा तरी कसा? दुधाची वाटी बंद झाली, बांगडा बंद झाला, आणि दौलतपुढे ते नवे दाणे आले.

त्याने ते हुंगले आणि मान फिरवली. पहिला दिवस ओरडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ओरडणे थांबले, तेव्हा घराने समाधानाचा निःश्वास टाकला; त्याला सवय लागली असे सर्वांना वाटले. वस्तुतः ती त्याच्या अशक्तपणाची सुरुवात होती. तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली अगदी भिंतीच्या कडेला जाऊन बसला, तोंडातून लाळ गळू लागली, पिवळसर पाणी ओकला, आणि पत्नीने त्याला ओढून मांडीवर घेतले तेव्हा कानाच्या आतली एरवी गुलाबी असणारी कातडी आणि हिरड्या हळदीच्या रंगाच्या दिसल्या. तसाच त्याला टोपलीत घालून आम्ही दवाखाना गाठला. ‘काका, याने शेवटचे कधी खाल्ले?’ हा त्या बाईंचा पहिला प्रश्न होता, आणि उत्तर ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

त्या दिवशी आणि पुढे त्यांनी जे समजावून सांगितले ते असे. अन्न बंद झाले म्हणजे कोणताही प्राणी आपल्या अंगावरचा साठवलेला मेद मोडून खाऊ लागतो, आणि तो मेद रक्तावाटे यकृताकडे येतो. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत त्याची बहुतांशी विल्हेवाट लावते. मांजराच्या यकृताला मात्र, विशेषतः अन्नातून येणारी प्रथिने बंद पडल्यावर, एवढा मेद पचवून बाहेर काढणे साधत नाही. तो यकृताच्या पेशींतच साचत जातो, पेशी फुगतात, पित्ताचा मार्ग अवरुद्ध होतो, आणि कावीळ दिसू लागते. मांजर जितके लठ्ठ तितका साठा मोठा, आणि तितका हा लोंढा भयंकर. दोन-तीन दिवसांचे निराहार राहणे यास पुरेसे होते. आणि एकदा यकृत बिघडले की मळमळीने मांजराची अन्नावरची वासना उडते, म्हणजे भूक लागेल तेव्हा खाईल ही अपेक्षाच निराधार होऊन बसते. उपचार न झाल्यास बहुतेक मांजरे यात दगावतात. उपचार म्हणजे तरी काय, तर अन्नच: मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक नळी बसवून तीतून दिवसातून अनेक वेळा पातळ केलेले, प्रथिनयुक्त खाद्य थोडथोडे देत राहावयाचे, तेही आठवडेच्या आठवडे, जोवर तो स्वतःहून वाडग्याकडे वळत नाही तोवर. प्रारंभी एकदम भरपूर दिले तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो, म्हणून तेही मोजून. पत्नी आणि सूनबाई यांनी पाळीपाळीने ही शुश्रूषा केली. दौलत वाचला. अनेक वाचत नाहीत. ज्या मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे, त्या मुंबईतही मांजराला डॉक्टरकडे नेणे हा कित्येकांना अद्याप अतिरेक वाटतो. त्या दिवशी आणखी एक रात्र वाट पाहू असा विचार आमच्यापैकी कोणी केला असता, तर हा मजकूर लिहिण्याचे कारणच उरले नसते.

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे, या एका वस्तुस्थितीत त्याच्या पथ्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. आपले शरीर अन्नातील प्रथिने कमी झाली तर काटकसरीला लागते; मांजराचे यकृत मात्र प्रथिने जाळण्याचा आपला वेग फारसा कमी करू शकत नाही, आणि अन्नातून ती मिळाली नाहीत तर स्वतःच्या स्नायूंतून वसूल करते. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते. ते कमी पडल्याने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, आणि ते पुरवल्यास सुधारते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ साली सिद्ध केले. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदाही कायमचा निकामी होतो. म्हणून दूधभात, दहीभात, वरणभात किंवा भाजीचा रस घालून मऊ केलेली पोळी हा मांजराला हलका आहार आहे, ही समजूत टाकून दिली पाहिजे. त्यात त्याला नको असलेला पिष्टांश पुष्कळ आणि हवे ते जवळजवळ काहीच नाही. गोडाची तर मांजराला चवच कळत नाही, आणि प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. ज्यांना आपल्या घरात सामिष शिजवणे धर्मदृष्ट्या किंवा मनाला पटत नाही, त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी तयार खाद्य आणावे, परंतु आपला नियम त्या मुक्या जिवावर लादू नये.

दौलत पुरता बरा झाल्यावर आणि डॉक्टरीणबाईंनी रक्त व लघवी तपासून अनुज्ञा दिल्यावर, आम्ही वजनाचा विषय पुन्हा हाती घेतला. या वेळी मी घरातल्या सर्वांना एकत्र बसवले आणि एक वही काढली. गणित डॉक्टरांनी घालून दिले: आजच्या वजनाला किती लागते ते धरावयाचे नाही, इच्छित वजनाला स्वस्थ पडून राहण्यास जेवढे उष्मांक लागतात त्यांच्या सुमारे ऐंशी टक्के द्यावयाचे. पाच किलोंच्या मांजरासाठी ते दिवसाला साधारण १८५ ते १९० येतात. त्यांत ओलसर खाद्याची एक लहान पिशवी, कोरड्या दाण्यांचे सुमारे २८ ग्रॅम, आणि उकडलेल्या कोंबडीचे दोन लहान तुकडे एवढे बसते. ते २८ ग्रॅम मुठीने किंवा वाटीने कधी मोजू नयेत. वाटीच्या मापात सहज चौथाई फरक पडतो, आणि एवढ्या लहान देहाच्या हिशेबात चौथाई म्हणजे सारा प्रयत्न वाया. स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा हा या कामातला सर्वांत उपयुक्त जिन्नस आहे. खाद्याच्या पाकिटावर उष्मांक छापलेले नसतील तर ते खाद्य या काळात वापरू नये. नेहमीचेच खाद्य केवळ निम्मे करण्याने उष्मांकांबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही निम्मी होतात. म्हणून मोठे वजन उतरवावयाचे असेल तेव्हा त्यासाठीच बनवलेले, प्रथिने अधिक आणि उष्मांक कमी असलेले खाद्य डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. ओलसर खाद्यात पाण्याचा अंश तीन चतुर्थांशांहून अधिक असल्यामुळे पोट भरते आणि लघवीच्या विकारांनाही आळा बसतो, असे त्याचे दुहेरी हित आहे.

जुन्यातून नव्याकडे जाताना पहिले काही दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, मग निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने, अशी पावले टाकावीत, आणि मांजर अडले तर एक पाऊल मागे यावे. आमच्याकडे यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्याची मला खंत वाटत नाही. मांजर खात राहिले पाहिजे, ही पहिली अट. काय खाते ही दुसरी.

दिवसाचा सारा शिधा सकाळी एकाच डब्यात काढून ठेवावयाचा, आणि घरातल्या कोणालाही काही द्यावेसे वाटले तर त्या डब्यातूनच द्यावयाचे. डबा संपला की दिवस संपला, असा आमचा ठराव झाला. नातवाला दोन तुकड्यांचा अधिकार मिळाला. कोळणीला मी स्वतः विनंती केली, आणि तिने ती मनापासून मानली. कठीण गेले ते मातोश्रींना. ‘मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढता रे?’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या वयाला वादाने जिंकणे मला उचित वाटेना. शेवटी सूनबाईने मार्ग काढला: सायीच्या चमच्याच्या वेळी तिने त्यांच्या हाती मऊ दातांची फणी दिली. दौलतचे तोंड जेथे पोहोचत नव्हते ती पाठ त्या रोज पहाटे विंचरू लागल्या, आणि थोड्याच दिवसांत तो दुधाच्या भांड्याऐवजी त्यांच्या मांडीची वाट पाहू लागला. मांजर पायांत घोटाळते तेव्हा दर वेळी ते अन्नच मागत असते असे नाही. पुष्कळदा त्याला सहवास हवा असतो, आणि आपण त्याला खाणे देऊन मोकळे होतो. माझ्या मते लठ्ठपणाचे मूळ जितके वाडग्यात आहे तितकेच या गैरसमजात आहे.

पहाटे चारला दारावर नखे मारून उठवणाऱ्या मांजराला त्या वेळी खाणे देणे म्हणजे ती प्रथा कायम करणे होय. उठल्याबरोबर वाडगा भरू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, म्हणजे आपले जागे होणे आणि त्याचे जेवण यांचा संबंध तुटतो. रात्री निजण्यापूर्वी शिध्याचा एक भाग राखून दिला तर पहाटेचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. ठरल्या वेळी आपोआप उघडणारी भांडीही आता मिळतात. ज्यांना परवडतील त्यांनी अवश्य घ्यावीत, कारण यंत्राकडे याचना करण्यात अर्थ नाही हे मांजराला लवकर समजते. एकूण अन्न तेवढेच ठेवून त्याचे चार-पाच लहान भाग करणे हे मांजराच्या प्रकृतीला धरूनच आहे. मोकळे फिरणारे मांजर उंदीर-पाखरांची लहान लहान शिकार करून अहोरात्रीत दहाबारा वेळाही खाते.

व्यायामाविषयी थोडक्यात. एकट्या व्यायामाने मांजराचे वजन उतरत नाही. पण स्नायू टिकतात आणि मन रमते. दोरीला बांधलेले पीस जमिनीलगत, थांबत-थांबत, भक्ष्य पळावे तसे ओढावे; पाच-दहा मिनिटे पुरतात, अधिक काळ लठ्ठ मांजराला झेपत नाही. खेळ झाल्यावर दोरी कपाटात बंद करावी, कारण गिळलेला दोरा मांजराची आतडी कापतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून आत चार दाणे टाकले तर पंज्याने ते काढण्यात त्याचा वेळ सत्कारणी लागतो. घरात दुसरे मांजर असेल तर दोघांना निरनिराळ्या खोल्यांत, दार लावून जेवू घालणे आणि उरलेले उचलून ठेवणे, याला पर्याय नाही.

घरच्या अन्नातून काही द्यावयाचे झाल्यास त्यात कांदा किंवा लसूण यांचा अंशही नसावा; त्यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. सुकट आणि सुके बोंबील मिठाने भरलेले असतात. कच्ची मासळी रोज दिल्यास काही जातींच्या माशांतील एका द्रव्यामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. मासळी द्यावी ती शिजवून, बिनमिठाची आणि क्वचित.

वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी करावे. माणसाच्या काट्यावर मांजराला घेऊन उभे राहावे आणि मग स्वतःचे वजन वजा करावे, ही रीत अंदाजापुरती ठीक आहे; परंतु उतार आठवड्याला शंभर ग्रॅमांहूनही कमी अपेक्षित असताना तो त्या काट्यावर दिसणारच नाही. आम्ही वाणसामानाचा, पाच ग्रॅमांपर्यंत दाखवणारा काटा आणला आणि त्यावर पुठ्ठ्याचे खोके ठेवले. खोके दिसले की मांजर आपणहून त्यात बसते. दर आठवड्यास शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के एवढा उतार सुरक्षित समजतात. दौलतच्या बाबतीत डॉक्टरांनी एक टक्का, म्हणजे प्रारंभी सुमारे ७० ग्रॅम, असे लक्ष्य ठेवले. दोन टक्क्यांहून अधिक उतरले तर आनंद न मानता अन्न वाढवावे. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही तर प्रथम डब्याबाहेरचे काही कोणी देत आहे काय याची चौकशी करावी, आणि तसे नसेल तरच शिधा पाच ते दहा टक्क्यांनी उतरवावा. या गतीने ७.२ वरून ५ किलोंवर येण्यास वर्षाचा बराच मोठा भाग लागतो, आणि आमच्या वहीतील नोंदींनुसारही तो तेवढाच लागला. मध्यंतरी वजन पुष्कळ दिवस एका जागी अडून राहिले, नंतर पुन्हा उतरू लागले. ज्या दिवशी दौलत खुर्चीवरून खिडकीच्या उंच कट्ट्यावर कोणाच्या मदतीवाचून चढला, त्या दिवशी मातोश्रींनी स्वतः मला हाक मारून ते दाखवले.

काही मांजरांच्या बाबतीत हा मार्ग घरच्या घरी मुळीच धरू नये. वाढीच्या वयाची पिल्ले आणि गाभण किंवा पाजती भाटी यांचे अन्न कमी करणे निषिद्ध आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचे अन्न बदलले तर त्याची मात्राही त्याच वेळी डॉक्टरांनी बदलावी लागते. नाहीतर रक्तातील साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरते. आणि काहीही न करता, विशेषतः दहा वर्षांवरचे मांजर, आपोआप वाळू लागले तर त्याचे अभिनंदन करू नये. अवटु ग्रंथीचा विकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांचे ते बहुधा पहिले चिन्ह असते.

ज्यांच्या घरी अंगाने सुटलेले मांजर आहे त्यांना माझी विनंती अशी की, या आठवड्यात त्याच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवून पाहावा, वाडग्यातले अन्न एकदा काट्यावर घालून पाहावे, आणि अन्नात कोणताही बदल करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून त्याची तपासणी करून घ्यावी. पथ्य चालू असताना एखाद्या दिवशी त्याने चोवीस तासांत अन्नाला तोंड लावले नाही, तर जे खाद्य त्याला आवडते ते, मग ते कितीही निषिद्ध ठरवलेले असो, त्याच्यापुढे ठेवावे. आणि तेही त्याने नाकारले तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.